साहेब आत हाईत की

अन्याय झाला माझ्या आजऱ्याच्या मैत्रिणीवर. कधी, तेही सांगतो: २००६ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या तोंडी परीक्षेत, सकाळी सव्वाअकरा वाजता. वेळ पाठ आहे, कारण मी दाराबाहेर उभा होतो आणि परीक्षकांचे पोहे तेव्हाच आत गेले.

तिचा प्रकल्प मोबाईलच्या टॉवरवर होता. टॉवरवर पुष्कळ अँटेना बसवल्या, की त्या मिळून एकाच फोनवर नेम धरू शकतात. त्यासाठी फोनपर्यंतची वाट या क्षणी कशी आहे, ते टॉवरला कळावं लागतं. फोन खूण पाठवतो, टॉवर मोजतो, मग नेम धरतो. तेवढ्यात फोनवाला चार बोटं सरकला, तरी मोजलेलं शिळं होतं. अँटेना जितक्या जास्त, तितका नेम बारीक, आणि चुकला की तितका वाया.

"जोतिबाला पालखीवर गुलाल टाकतोस न्हवं?" तिनं मला समजावलं होतं. "पालखी गेली फुडं, आन् तू टाकलास ती मगाशी हुती तिथं. मग पोतं रिकामं केलंस तरी दुसऱ्याच्याच डोळ्यात जातंय की."

परीक्षकांच्या डोळ्यात काहीच गेलं नाही. तिच्या आलेखात अँटेना वाढतील तशी रेघ चढत होती. फोनवाला बसमध्ये बसला, की तीच रेघ आडवी पडत होती. तिथं त्यांनी लाल पेनानं गोल केला.

"अँटेना वाढल्या की सिग्नल वाढतो. आम्ही हेच शिकलो."

"वाढतो सर, पण माहिती ताजी असंल तर. शिळी झाली की..."

"शिळी व्हायला ती काय तुमच्या आजऱ्याचा भात आहे?"

आतले सगळे हसले. विज्ञानाचा निकाल असा पोह्यांबरोबर लागला. ती नापास. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र तिच्या पिशवीत होतं: याच खेपेला पास झालात तर या.

एक पळवाट होती. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज त्याच दिवशी चारच्या आत दिला, तर फेरतोंडी मिळायची. बारा वाजता आम्ही त्यांच्या केबिनपाशी पोचलो. बाहेर स्टुलावर शिपाईमामा.

"मामा, साहेब आहेत का?"

"आत हाईत की. मीच च्या दिलाय. भाईर येतील तवा भेटा."

ते 'की' ऐकल्यावर कोल्हापुरात कोण शंका घेतो? मी तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो, त्यामुळे मोर्चेबांधणी ताबडतोब माझ्याकडे आली. आम्ही चौघं. एक पुढच्या दारात, एक जिन्यात, ती बाकावर अर्ज घेऊन, आणि मी खिडकीखाली, घोषणेची जुळवाजुळव करत. साडेतीनला मामांनी दार ढकललं. पंखा फिरत होता. खुर्ची रिकामी.

साहेब साडेअकरालाच मागच्या दारानं उचगावला गेले होते. तिथं त्यांचा सत्कार होता, दूरदृष्टीबद्दल.

"गेलं व्हय?" मामा म्हणाले. "मगाशी तर हुतं."

"मगाशी म्हणजे कधी, मामा?"

"अकराला."

ती बाकावर बसली आणि हसायला लागली. "चार अँटेना लावल्यास की रं. नेम रिकाम्या खुर्चीवर."

अकरा ते साडेतीन. चौघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं, मामा, तुम्ही शेवटचं बघितलं कधी? तिनंही नाही, हे ती अजून सांगते.

सहा महिन्यांनी तोच आलेख, तोच लाल गोल, नवे परीक्षक, आणि ती पास. रेघ तेवढ्यात चढली नव्हती. पुण्याची जागा मात्र भरली होती.

तुम्ही शिकवत असाल, तपासत असाल, कुणाच्या कागदावर शेरा मारायचा अधिकार तुमच्याकडे असेल, तर आज कपाट उघडा. लाल गोल केलेला एक तरी कागद काढा, पुन्हा वाचा, आणि चूक तुमची निघाली तर त्या मुलाला, त्या मुलीला तसं लिहून कळवा. "वाचलाय की" म्हणू नका. कधी वाचलात, ते सांगा.