मांजरा धरणाचा उतार आणि फळीवर टाकलेला रुमाल

या प्रवासाचा निर्णय माझा नव्हता, हे आरंभीच नमूद करतो. पत्नीची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची अक्का, गाव कायमचे सोडून मुलाकडे पुण्याला निघाली होती. "निरोप फोनवरही घेता येतो," असे मी म्हणालो. पत्नीने उत्तर न देता पिशवी भरायला घेतली. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवूनही मौनाचे खंडन कसे करावे हे मला उमगलेले नाही.

अक्काचे गाव मांजरा धरणाच्या पाण्यापलीकडे. वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याचे काम चालू असल्याने नाव हाच मार्ग उरला होता. भाच्याने कळवले होते, "अक्काला घेऊन गाडी काठावरच आणतो, पण अकराला हलावंच लागेल. संध्याकाळी डॉक्टरची वेळ घेतलीय." युसूफ वडगाव या गावापर्यंत एसटीने, तेथून काळी-पिवळी जीपने आम्ही निघालो, जीपचे माणशी तीस रुपये. जीप सुटण्याची वेळ कोणाला विचारू नये. ती भरल्यावर सुटते, आणि भरली की नाही हे फक्त चालकाला कळते.

काठावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. येथे धक्का असा नाही. धरण होण्यापूर्वीचा डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो, तोच उतार. त्यावर तीन नावा तोंड टेकवून उभ्या होत्या आणि बाजाराचा दिवस होता. एकीतून मासळीची क्रेट उतरत असतानाच तिच्यात खताच्या गोण्या चढत होत्या.

"उजवीकडं घे बे, उजवीकडं!"

"तुझं उजवं का माझं?"

"नावंचं!"

या संवादातून काय निष्पन्न झाले ते मला समजले नाही. नाव मात्र वळली. टपरीवरची मिरची भजी उत्तम होती, चहा अतिगोड. सुरक्षा जॅकेट एकच दिसले. त्यावर आमचा नावाडी रुस्तुमभाऊ बसला होता.

मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले, "अकराच्या आत पलीकडे उतरणे अत्यावश्यक आहे. आम्हाला प्रथम चढू द्या."

"घाई हाय का सर? मंग तुमी मागून चढा."

"घाई आहे म्हणूनच आधी चढतो आहे."

"घाई हाय म्हणूनच मागून म्हंतो ओ मी."

शेळी घेऊन उभी असलेली एक बाई पदराआड हसली. "बसू द्या की भाऊ. लई शिकल्यालं मानूस दिसतंय."

पत्नी म्हणाली, "अहो, ते रोज नाव चालवतात." परंतु आधी आलेल्याने आधी चढावे, हा न्याय मला निर्विवाद वाटत होता. मी चढलो, मागे इंजिनाजवळच्या फळीवर बसलो आणि एसटीतल्या सवयीने शेजारी पत्नीसाठी रुमाल टाकला. तेवढ्यात माझ्यापुढे एक मोटारसायकल आडवी झाली, मग गोण्या आल्या, आणि त्यांवर कोणाच्या तरी मुलीच्या लग्नातले पोलादी कपाट उभे राहिले. कपाटाच्या करड्या पाठीखेरीज मला काहीही दिसेना. पत्नी शेवटी चढली आणि शेळीवाल्या बाईशेजारी थेट नावेच्या तोंडाशी बसली. रुमालावर शेळीचे करडू येऊन उभे राहिले.

अकराला दहा मिनिटे असताना नाव पलीकडच्या उतारावर तोंड टेकून थांबली, आणि जी गोष्ट काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होती ती मला तेव्हा कळली. उतरायची वाट तोंडाकडून होती. जो आधी चढला, तो सर्वांच्या मागे होता.

पत्नी पहिली उतरली. तिची हाक ऐकू आली, "अक्के!" मी उठलो.

"सर, बसा! नाव कलंडंल!"

चौघांनी कपाट हलवले, ते मोटारसायकलच्या हँडलला अडकले, पुन्हा ठेवले. पलीकडे दोन म्हाताऱ्या बायकांचे आवाज एकमेकांत मिसळत होते. एक शब्दही वेगळा करता येत नव्हता. मग गाडीचे दार लागले. मी उतारावर पाय ठेवला तेव्हा वळणावर फक्त धूळ होती.

परतताना मी सर्वांना पुढे जाऊ देत मागे उभा राहिलो. रुस्तुमभाऊ चकित झाला. "सर, आता कायची घाई हाय? चढा की आधी!" मी चढलो. योग्य केले की नाही, हे मी कोणालाही विचारले नाही.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा, आणि घाई असल्यास मागून चढा. यापेक्षा व्यापक निष्कर्ष काढण्याचे धाडस मी करत नाही.

घरी आल्यावर पिशवीतून रुमाल काढताना मी पत्नीला विचारले, "अक्का काय म्हणाल्या?"

"तुम्ही आला नाहीत का, म्हणून विचारत होती. मी नावेकडे बोट दाखवलं. गाडी हलेपर्यंत ती तुमच्याकडे बघून हात हलवत होती." तिने रुमाल माझ्या हातातून घेतला. "तुम्ही का नाही हलवला?"