चूलबंदचा आकडा

मला हैदराबादची नोकरी लागली तेव्हा घरात पेढे नाही आले, पंचायत बसली. पंचायत म्हणजे आमचे अप्पा एकटेच. निवृत्त मास्तर, त्यामुळं फिर्यादी, वकील आणि जज सगळं तेच. "लातूरला तीन वर्षं कॉम्प्युटर शिकलीस, घराला त्याचा काय फायदा? आधी कायतरी कामाचं करून दाखव, मग जा कुठं जायचंय ते," असा निकाल लागला.

मी पण त्यांचीच थोरली पोरगी. म्हटलं, थांबा, दाखवतेच.

निलंग्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांती तोंडावर आली होती. जेवायला माणूस किती, ह्या एका प्रश्नावरून आमच्याकडं दर कार्याला भांडण होतं. अप्पा दारोदार आमंत्रणं देत फिरणार, घरी येईपर्यंत निम्मी विसरणार आणि आचाऱ्याला म्हणणार, "करा की अंदाजानं." मी ठरवलं, ह्याचं एपीआय बनवायचं. तसं ते काही फार मोठं नसतं. इंटरनेटवर एक पत्ता असतो. फोनवरून त्या पत्त्यावर घराचं नाव आणि माणसं धाडायची, तिकडं ती लिहून ठेवली जातात, आणि विचारलं की बेरीज परत येते. व्हिडिओ बघून बघून चार दिवसांत केलं आणि अप्पांना समजावलं, "तुम्ही विचारायचं, ते सांगणार. विचारलं तेवढंच सांगणार."

"म्हणजे तुझ्या आईसारखं न्हाई," अप्पा म्हणाले. आईनं आतून भांडं आपटलं.

एकच अडचण होती. माणसांच्या रकान्यात आकडा नसला की माझा प्रोग्राम बोंबलून बंद पडायचा. मग मी शक्कल लढवली. आकडा नसला तर शून्य धरायचं. बोंबलणं थांबलं आणि मला माझ्या अकलेचं लई कौतुक वाटलं.

अप्पा फोन घेऊन निघाले. पहिल्याच दारातून त्यांचा फोन. "अगं, ह्या घरातनं एकच माणूस येणार हाय. तुझं हे दोनशे म्हणतंय."

"अप्पा, दोनशे म्हणजे काम नीट झालं. तशी खूण असते ती."

"मग 'झालं' म्हणायला काय होतंय त्याला?"

"तुम्ही पुढचं दार गाठा," म्हणत मी फोन ठेवला.

दोन दिवसांत अप्पांनी गाव पालथं घातलं. मी बेरीज विचारली, एकशे चाळीस आली. आचारी मामा आमच्या घरची कार्यं वर्षानुवर्षं करत आलेले. ते आकडा ऐकून माझ्याकडं बघतच राहिले. "ताई, एकशे चाळीस माणूस तर तुमच्या अप्पांकडं नुसतं पाणी प्यायला येतंय."

"मामा, हा कॉम्प्युटरचा आकडा आहे," मी ठसक्यात म्हटलं. मामांनी डोक्याला हात लावला आणि एकशे चाळीसचा शिधा काढला.

वास्तुशांतीच्या दिवशी दुसरी पंगत उठायच्या आत बुंदीचं पातेलं तळाला गेलं, आणि मांडवाबाहेर आमची अख्खी गल्ली उभी. म्हाताऱ्या, सुना, कडेवरची लेकरं, सगळे. कोपऱ्यात जाऊन मी फोनवर एकेक नोंद उघडली. गल्लीतल्या तेवीसच्या तेवीस घरांपुढं अप्पांनी माणसांच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, चूलबंद.

आमच्याकडं लांबच्यांना 'घरटी एक' असं आमंत्रण असतं आणि जवळच्यांना चूलबंद. म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी तुमची चूल पेटवायचीच न्हाई. आणि माझ्या प्रोग्रामनं, आकडा नाही म्हणून, जवळची तेवढी सगळी माणसं शून्यात काढली होती.

अप्पांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग दर वेळी दोनशे म्हणत होतं ते?"

"काम नीट झालं म्हणून."

"काय नीट झालं?"

मला रडूच फुटलं. हैदराबाद तर गेलंच होतं. पण बाहेर उभ्या माणसांना घरी परत जाऊन खायलाही काही नव्हतं, आमच्या भरवशावर कुणी कणीक मळली नव्हती. लाज वाटली, लई लाज वाटली.

शेजारच्या काकूंनी सगळं ऐकलं आणि जरीचा पदर कमरेला खोचला. "रडू नको गं बाई. आमच्या चुली बंद हायत्या, मोडल्या न्हाईत."

अर्ध्या तासात गल्लीतल्या घरोघरी गॅस पेटले. कुणी भात लावला, कुणी वरण, कुणी पिठलं. ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बाया हातात कुकर धरून मांडवात आल्या, पंगतीत बसून आपलंच पिठलं जेवल्या, आणि जाताना आईला सांगून गेल्या, "जेवण झकास झालं बरं का." आचारी मामा खांबाला टेकून हसत होते.

मांडव रिकामा झाल्यावर अप्पा माझ्याजवळ आले. "हैदराबादला कधी हजर व्हायचंय?"

"अप्पा, पण आज तर..."

"जा बाई. इथं ठिवलं तर सगळ्या गावाला उपाशी मारशील." एवढं बोलून ते सतरंज्या झटकायला गेले.

हैदराबादला आल्यावर पहिल्याच रविवारी मी ती चूक दुरुस्त केली. आता आकडा नसला की एपीआय नोंद घेतच नाही. 'माणसं आकड्यात लिहा' म्हणून परत पाठवतं, आणि परत पाठवलेल्यांची यादी वेगळी ठेवतं. आता ते वापरणार कोण म्हणा, पण मनाला लागलं होतं.

दिवाळीच्या आधी सहज उघडून बघितलं, तर अप्पांच्या फोनवरून आलेल्या चार ताज्या नोंदी. घर: थोरली, हैदराबाद. माणसं: चूलबंद. परत पाठवलेली. पुन्हा तेच, चूलबंद. परत. तिसऱ्यांदा, चूलबंद, दिवाळीला. परत. चौथ्यांदा मास्तरांनी हार मानली होती. माणसं: १.

माझ्याकडं कसली आलीय चूल, मेसचा डबा. मी मेसवाल्या मावशींना फोन लावला आणि सांगितलं, दिवाळीत माझा डबा नको.