वरखाली आणि गुलाबी चकत्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला बरोबरीचे कारागीर 'वरखाली' म्हणायचे. ऐन पंचविशीत तो या धंद्यात शिरला आणि पन्नाशी उलटली तरी लोकांना वर पोचवायचं काम, अर्थात चांगल्या अर्थानं, इमानेइतबारे करत राहिला. स्वभावानं गरीब, हातानं कुशल आणि जिभेनं मात्र पूर्ण वाया गेलेला. त्याची जीभ अडकली होती खारवलेल्या मांसाच्या, हॅम-सलामीच्या चकत्यांत.

याला कारण त्याचं कामच. इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून जेवायचं तर डबा कुठं ठेवणार? हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले. कालवण सांडतं, भात सांडतो, चमचा तर थेट लिफ्टच्या खड्ड्यातच पडतो. चकत्यांचं तसं नाही. कागदात गुंडाळलेल्या, कागदानंच उचलायच्या, पावात घालायच्या आणि दोन घासांत मोकळं व्हायचं. घराजवळच्या मोठ्या दुकानात काचेमागं एक काउंटर होतं. तिथली बाई मशीनवर अशा पातळ चकत्या कापायची की उजेडाला धरल्या तर पलीकडचं माणूस दिसावं. वरखाली रोज सकाळी तिथं उभा राहायचा आणि मशीनचा तो सर्र सर्र आवाज डोळे मिटून ऐकायचा.

मग कंपनीनं सगळ्यांची तपासणी करायची ठरवली. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला. पुन्हा भरली, पुन्हा पाहिला.

"यंत्र बिघडलंय का?" वरखालीनं धंद्याच्या सवयीनं विचारलं. "बघू का जरा?"

"यंत्र ठीक आहे. बिघाड पट्ट्याच्या तुमच्याकडच्या टोकाला आहे," डॉक्टर म्हणाले. "दुपारी काय खाता?"

"चकत्या. हॅमच्या, सलामीच्या."

"रोज?"

"रविवार सोडून."

"रविवारी काय खाता?"

"रविवारी त्या नाश्त्याला खातो."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या मांसात मीठ किती असतं, ते टिकावं आणि गुलाबी दिसावं म्हणून काय काय घालतात, आणि वर्षानुवर्षं रोज खाल्लं तर रक्तदाबाबरोबर आतड्याच्या कॅन्सरचाही धोका कसा वाढतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. वरखालीनं सगळं ऐकून घेतलं आणि हुकमाचा पत्ता टाकला.

"पण डॉक्टर, माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढं आहेत. रोज दोन चकत्या खातात आणि जिन्यावर मला मागं टाकतात."

"फार छान. त्यांना माझा नमस्कार सांगा," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचं नशीब सासूबाईंसारखं नसतं. तुमचं नाहीये, हे मला समोर दिसतंय."

घरी येऊन त्यानं हे सगळं बायकोपासून लपवायचं ठरवलं होतं. पण त्याची बायको एका लाँड्रीत इस्त्रीखात्याची मुकादम होती. चादरीवरची सुरकुती दहा हातांवरून हेरणारी बाई, तिला नवऱ्याच्या कपाळावरची कशी चुकेल? पायातले बूट निघायच्या आत सगळं बाहेर पडलं.

"तरी मी म्हणत होते," ती म्हणाली. ती खरंच म्हणत होती.

"अगं, पण तेवढं एकच तर सुख आहे मला."

"सुख? थांबा, दाखवते तुमचं सुख."

तिनं फ्रीजमधल्या चार चकत्या काढून गरम तव्यावर टाकल्या. चर्र झालं आणि तव्यात पाणी सुटलं. बघता बघता चकत्या आक्रसल्या, कडा वळल्या आणि कोटाच्या बटणांएवढ्या होऊन मधोमध जमल्या.

"बघा. मांस आणतो म्हणता ना? खारं पाणी आणता तुम्ही, तेही मांसाच्या भावानं. अख्खा मांसाचा तुकडा याच्या निम्म्या दरानं मिळतो. आपल्या नळाला पाणी येत नाही का?"

"तव्यावर बसवलं तर मीसुद्धा आक्रसेन," वरखाली पुटपुटला. पण बटणं डोळ्यांसमोर होती. बाजू लंगडी पडली होती.

एवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "भांडण संपलं असेल तर ती बटणं इकडं द्या."

आता माणूस कोंडीत सापडला की एक तर शहाणा होतो, नाहीतर भलतंच काही बोलून बसतो. वरखाली बोलून बसला. "ठीक आहे. मी घरीच करीन. मीठ बेताचं, पाणी नाही, रंग नाही. माझ्या हातानं करीन!"

बायकोनं त्याच्याकडं नखशिखान्त पाहिलं. या माणसानं लग्नापासून आजवर स्वयंपाकघरात केलेली एकमेव गोष्ट म्हणजे बल्ब बदलणं. "करा की," ती म्हणाली.

रविवारी त्यानं कसायाकडून बिनहाडाचा चांगला जाडजूड तुकडा आणला. मिरी कुटली, लसूण ठेचला, दोरीनं तुकडा असा करकचून बांधला की त्याला आठ माणसांची लिफ्टही टांगता आली असती. मंद आचेवर शिजवला. इथवर सगळं सुरळीत. पण दुकानातलं मांस कसं घट्ट, एकजीव असतं. तसं व्हायला वजन ठेवायला हवं, असं त्याच्या कारागीर डोक्यानं घेतलं. एका जुन्या लिफ्टमधून काढलेली बिडाची वजनाची लादी त्यानं माळ्यावर जपून ठेवली होती. ती धुऊन, कापडात गुंडाळून त्यानं डब्यावर ठेवली. डबा चपटा झाला, ओटा कण्हला, मिरीच्या रसाचं एक कारंजं उडालं आणि बायकोनं इस्त्री करून टांगलेल्या पडद्यावर नक्षी उमटली.

"काही नाही, काही नाही," तो आतून ओरडला. काही झालं की नवरे असंच ओरडतात.

दुसऱ्या दिवशी डब्यातून जे निघालं ते करड्या रंगाचं होतं. सासूबाईंनी ते सुरीच्या टोकानं जरा ढोसून पाहिलं. "जावईबापू, ही कुणाच्या बुटाची टाच?"

"आई, गुलाबी रंग औषधाचा असतो. मांसाचा खरा रंग हाच."

"मग खरं लपवतात तेच बरं."

चव मात्र चांगली होती. बायकोनंसुद्धा दुसरा तुकडा घेतला, आणि तिच्या लेखी ते प्रशस्तिपत्रच होतं. अडचण एकच. घरच्या सुरीनं पातळ चकती निघेना. निघत होत्या त्या फळ्या. दुपारी गच्चीवर एक फळी चावता चावता त्याचा जबडा भरून आला आणि जेवणाची सुट्टी संपली तरी घास संपला नाही. तेव्हा त्याला कळलं, आपण इतकी वर्षं पैसे मोजत होतो त्यातले निम्मे तर त्या पातळपणाचे होते.

मग एके सकाळी करडा गोळा कापडात गुंडाळून, हत्यारांच्या पिशवीत घालून तो त्या काउंटरवर गेला.

"ताई, एक विनंती आहे. एवढं कापून द्याल का?"

काउंटरवरच्या बाईंनी कापड उघडलं आणि लगेच मिटलं. "काका, बाहेरचं मांस आमच्या मशीनवर चालत नाही. मॅनेजरसाहेबांचा नियम आहे. दिसले तर नोकरी जाईल माझी."

"कुठं आहेत साहेब? मी विचारतो."

"तेच तर कळत नाहीये. तळघरात माल बघायला गेले ते आलेच नाहीत."

तेवढ्यात भिंतीतून ठोकल्याचा आवाज आला. काउंटरमागं मालाची छोटी लिफ्ट होती आणि तिच्या दारावर ठळक पाटी: 'या लिफ्टमधून माणसांनी जाऊ नये. हुकमावरून, मॅनेजर.' आवाज त्या दारामागून येत होता.

"कोण आहे आत?" वरखालीनं विचारलं.

ठोकणं थांबलं. मग ओशाळलेला आवाज आला, "मॅनेजर."

काउंटरवरच्या बाईंनी तोंडाला पदरासारखा एप्रन लावला. वरखालीला मात्र हसू आलं नाही. अडकलेला माणूस सोडवणं म्हणजे त्याच्यासाठी देवाचं काम. त्यानं पिशवी उघडली, करडा गोळा काउंटरवर ठेवला, खालची हत्यारं काढली. "साहेब, घाबरू नका. दाराचा खटका अडकलाय. बसून राहा."

"उभंच राहता येत नाहीये," साहेब म्हणाले. "पाठीमागं अंड्यांचे ट्रे आहेत. तुम्ही कंपनीचे का? इतक्या लवकर कसे आलात?"

"नाही साहेब, मी मांस कापून घ्यायला आलो होतो. घरचं. बाई नाही म्हणाल्या. नियम आहे म्हणे तुमचा."

"आहेच नियम," साहेब आतून म्हणाले. एवढ्यात काहीतरी फुटल्याचा ओलसर आवाज आला. "बाई, कापून द्या त्यांना!"

"साहेब, नियम तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. असा मोका पुन्हा येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"या लिफ्टमध्ये बसायचं नाही हासुद्धा माझाच होता! कापा!"

खटका सुटला, दार उघडलं आणि साहेब पिवळी पाठ घेऊन बाहेर आले. कुणाकडं न पाहता ते सरळ हात धुवायला गेले. इकडं मशीन सुरू झालं. सर्र, सर्र. करड्या गोळ्याच्या झिरझिरीत चकत्या पडू लागल्या आणि मिरी-लसणाचा वास काचेबाहेर गेला. रांगेतल्या एका आजोबांनी काठी टेकवत विचारलं, "हा नवीन माल कुठला? पाव किलो द्या."

"विकायचा नाहीये," वरखाली म्हणाला.

"म्हणजे महाग असणार," आजोबा रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले. रांग काचेजवळ सरकली. त्यानं सगळ्यांना एकेक चकती देऊन टाकली. कुणी 'अळणी' म्हणालं, कुणी 'झकास' म्हणालं. आजोबांनी दोनदा हात पुढं केला. सगळं आटपून त्यानं मशीन पुसायला बाईंना हातभार लावला, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, "काका, हे तीन-चार दिवसांत संपवा हं. आमचं आठवडे टिकतं, तुमचं नाही टिकणार."

वरखाली गच्चीवर बसून यावर बराच विचार करत होता. दुकानातल्या चकतीत आपण टिकाऊपणाचे पैसे देतो, पातळपणाचे देतो, कुणीतरी रविवार घालवून शिजवल्याचे देतो. ते काही फुकट जात नाहीत. पण ज्या मिठानं ती चकती टिकते, त्याच मिठानं आपण टिकत नाही. हा सौदा रोजचा नव्हे, हे त्याला कुणी न सांगता पटलं.

साहेबांनी नियम पुन्हा लागू केला, पण लिफ्टवाल्या काकांपुरता डोळा मिटला. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. फार नाही, पण डॉक्टरांनी पट्टा एकदाच बांधला. महिन्यातून एखाद्या वेळी वरखाली दुकानातली सलामीही घेतो, लपवून नाही, बायकोसमोर बसून. सासूबाईंनी मात्र घरच्या मांसाला हात लावायला साफ नकार दिला. "मला काय आता शंभर वर्षं जगून लिफ्ट चालवायचीय?" त्यांच्या दोन गुलाबी चकत्या चालूच आहेत.

घरात बदल एवढाच झाला की रविवारी स्वयंपाकघर वरखालीचं झालं. परवा मांस शिजत होतं आणि बायको पुढच्या खोलीत खुर्चीवर पाय पसरून बसली होती. तिथूनच तिच्या सूचना चालल्या होत्या. आच कमी करा. झाकण ठेवा. अहो, लसूण जळतोय, वास येतोय.

"एवढं कळतंय तर ये आणि तूच कर की!" तो आतून ओरडला.

"मला वेळ नाही," ती म्हणाली. "मी बसलेय."