लवू परबाचं कडं

भांडुपच्या गणपती मंडळात लवू परब ना अध्यक्ष होता, ना खजिनदार. तो दोरीवाला. विसर्जनाच्या गर्दीत पोरांनी मूर्तीभोवती दोरीचं कडं धरायचं आणि लवूने घसा फाटेस्तोवर ओरडायचं, "सोडू नका रे! बाहेरचा एकही आत नको!" दोरीवरचा कुणी चक्कर येऊन पडला, तर मिरवणूक थांबवून आधी त्याला बाहेर काढायचं, हाही त्याचाच नियम. पोट कारखान्यावर भरलं, पण जीव सगळा त्या दोरीत!

असा हा गडी तापाने फणफणत इस्पितळात पडला. उजव्या बरगडीखाली ठणका. डॉक्टर श्रुतिका समजावू लागल्या, "काका, तुमच्या यकृतात जंतू शिरलेत. तिथल्या पेशींनी त्यांना अडवलं, रक्तातून आणखी पेशी धावून आल्या आणि सगळ्यांनी मिळून भोवती कडं केलंय."

लवूचा चेहरा खुलला. "म्हणजे दोरी धरलीय!"

"धरलीय. पण आत पू साठलाय. सुई घालून काढावा लागेल."

झालं! गड्याचं डोकंच चालेना. कडं धरलंय, तर मग हा ताप कसला? आणि धरलेलं कडं आपणच बाहेरून फोडायचं? कुठल्या मंडळात असं करतात?

"सुई नको. गोळ्या द्या," तो म्हणाला.

"गोळ्या आत पुरेशा पोचत नाहीत, काका. गळू आपोआप फुटलं तर जिवावर बेतेल."

बायको जानकी रडकुंडीला आली. "अवो, त्यांचा ऐका ना!"

"माका काय कळाक नाय गो. आपलीच माणसा राखतत, आणि तेंकाच भोसकूचा?"

संध्याकाळी अशी थंडी भरली की पलंग खडखडायला लागला. जानकी दोन्ही हातांनी त्याला दाबून बसली. डॉक्टर धावत आल्या, तेव्हा लवूने कसंबसं विचारलं, "मॅडम, पू म्हणजे सगळे जंतूच ना?"

"जंतू थोडे. जास्त तुमच्याच पेशी, काका. जंतूंशी लढता लढता मेलेल्या."

लवूने बरगडीखाली हात धरला. मग म्हणाला, "आणि कडं?"

"बाहेरच्या पेशी अजून धरून आहेत. सुई बारीक असते. मशीनवर बघत बघत आत नेतो."

त्याला सगळं कळलं होतं असं नाही. ताप का, कडं का, सुई का, डोक्यात नुसता गोंधळ होता. डोळ्यांत मात्र पाणी आलं. त्याने स्वतःच सदरा वर केला.

"आधी पडलेल्यांना बाहेर काढा, मॅडम."