वानसिमताईनं बांधलेलं घर

वानसिमताईला सगळा गाव आत्या म्हणायचा. मी ताई म्हणायचे, कारण रेशमाच्या गिरणीत आमच्या कढया शेजारीशेजारी. उकळत्या पाण्यातल्या कोषाचं टोक शोधायचं आणि धागा ओढत बसायचं. बोटं कायम उकडलेली. पण आमच्या शुंदे परगण्यात तेव्हा बाप्यांपेक्षा आम्हा बायांची मजुरी जास्त, त्यामुळे आमचा तोरा काही विचारू नका.

थोरली बहीण उजवल्याशिवाय धाकट्या भावाचं लग्न करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ताईला सासर नको होतं आणि तिचा भाऊ होइचुन तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. तेव्हा ताईनं देवीसमोर वेणी उलगडली, स्वतःच्या हातानं लग्न झालेल्या बाईसारखा अंबाडा घातला आणि जन्मभर लग्न न करण्याची शपथ घेतली. जेवणावळ उठली, भावाची वाट मोकळी झाली. अशा अंबाडेवाल्या आम्ही गावात पुष्कळ जणी होतो.

मग तिनं भावाला पक्क्या विटांचं घर बांधून दिलं. तळ्याकडची खोली स्वतःला ठेवली. आता आमच्या शपथेतली मेख ऐका. अंबाडेवालीनं बापाच्या किंवा भावाच्या छपराखाली मरायचं नाही. मेली तर त्या घराचा वंश बुडतो म्हणतात. म्हणून बाकीच्या आम्ही वर्गणी काढून मरण्यापुरतं एक घर घेतलं. ताईनं वर्गणी दिली नाही. म्हणाली, होइचुन म्हणतो ना, ताई हे घर तुझंच. मी तोंडावर सांगितलं, भाऊ म्हणेल गं, रीत काय म्हणेल? त्यावर बरेच दिवस अबोला धरला बाईनं.

पुढे रेशमाचा भाव कोसळला, गिरणी बंद पडली आणि ताईला तापानं गाठलं. वैद्यानं हात टेकले. घरात भाचेसून पोटुशी. भावजय डोळ्यांना पदर लावून बसली, पण ताईला बाहेर न्यायला फळी मात्र तिनंच मागवली. आमच्या घरात वर्गणीशिवाय जागा नव्हती, म्हणून ताईला फळीवर घालून तळ्यापलीकडच्या रेशीमकिड्यांच्या खोपटात नेलं. होइचुन मान खाली घालून मागून चालत होता. उदबत्त्या लावून, निरोप घेऊन सगळे परत गेले. मी एकटी वारा घालत बसले. संध्याकाळी बाईनं डोळे उघडले आणि तांदळाची पेज मागितली. दोन वाडगे प्याली! मी हसता हसता रडले.

पण मरायला बाहेर काढलेलं माणूस परत उंबऱ्यात येत नाही. आलं तर मरण त्याच्या मागोमाग घरात शिरतं. झालं, ताई खोपटातच राहिली. होइचुन रोज भात आणि मासळी आणून द्यायचा, दाराशी उभा राहून पायाकडे बघायचा. घरी चल, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. दर नव्या वर्षाला ताई कपड्यांचं गाठोडं बांधून, केस विंचरून दारात बसायची. अंधार पडला की गाठोडं सोडायची. मला तेव्हा होइचुनचा इतका राग यायचा की काय सांगू.

आमच्यातल्या गामचिउनं आमचं ते घर होण्याआधीच एक तोड काढली होती. शेजारच्या गावातल्या एका मेलेल्या पोराशी लग्न लावलं. नवऱ्याच्या जागी कोंबडा! ऐन नमस्काराला मेला आरवला. पण तिला सासर मिळालं, मरायला घर मिळालं. ताईसाठीही असं स्थळ आलं. ती म्हणाली, "जिवंत नवरा नको म्हणून अंबाडा घातला, आता मेलेल्याच्या आईचे पाय चेपू?" खूप हसलो आम्ही. मग ती म्हणाली, "मला माझ्या खोलीत मरायचंय गं. बाकी काही नको."

अशी वर्षं गेली. ताई पार वाळली. एका दुपारी होइचुन काठी टेकत आला. तोही खंगला होता. या वेळी त्यानं पायाकडे पाहिलं नाही.

"ताई, घरी चल. कोण अडवतंय ते मी बघतो."

ताईनं गाठोडंसुद्धा घेतलं नाही, तशीच उठली. बांधावरून दोघं एकमेकांना धरून चालली, मागून मी. दारात भाचेसून उभी होती. तिनं वाट दिली आणि चहा ओतायला घेतला. भावजय आतून म्हणाली, या वन्सं, अंथरूण घातलंय. खरंच घातलं होतं, बाहेरून मला दिसत होतं. अंगणात भाच्याची पोरं चिखलात खेळत होती.

ताईनं उंबऱ्यावर पाय उचलला. पोरांकडे पाहिलं. पाय मागे घेतला.

"तू बोलावलंस, त्यातच भरून पावले," ती भावाला म्हणाली. "आता मला परत सोडून ये."

होइचुननं हात जोडले, लहान पोरासारखा रडला. ती ऐकेना. मीही ओरडले, अगं आत जा, तुझंच घर आहे. नाही गेली.

आठवडाभरात ती खोपटातच गेली. तिला अंघोळ मीच घातली. लोक अजून मला विचारतात, आत्याला भावजयीनं अडवलं की सुनेनं? मला चीड येते. कुणीच नाही हो. त्या दिवशी तिला कुणीच अडवलं नव्हतं.