दुपट्ट्याखालचा नंबर

घरी कोणी नजर उतरवायला मीठ-मिरची हातात घेतली, की मी चिडून अंगणात निघून जातो. असला माणूस आहे मी. तर भूतबित म्हणून हे वाचू नका... जे झालं ते लिहून राहिलो, बस.

मी पांढुर्ण्याचा. माझा मोठा भाऊ, सुधाकरदादा, संत्रा मंडीत दलाल होता. आमच्याकडचे जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नाहीत, खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. दादा त्याच रीतीनं पोलिसांना खबर द्यायचा — संत्र्याच्या कॅरेटखाली गांजा नेणाऱ्या गाडीचा नंबर! साध्या कपड्यातला हवालदार गिऱ्हाईक बनून यायचा, दुपट्ट्याखाली चार आकडे, काम खतम.

"घरात फक्त तुले माहीत हाय बे. तोंड बंद ठेवजो," दादा म्हणाला होता.

पाच वर्षांपूर्वी तिगावच्या रस्त्यावर त्याला एका गाडीनं उडवलं. गाडी सापडलीच नाही. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात, "कौन सुधाकर?" वा रे वा! त्याच्या जिवावर बढती घेतली, अन् कौन सुधाकर! दादाच्या खबरी कामाचं तेव्हा मी लतावहिनीला सांगून टाकलं, अन् तेव्हापासून आम्ही दोघं ठाण्याला शिव्या देत आलो. तिथल्याच कोणीतरी दादाचं नाव फोडलं, असं घरात ठरूनच गेलं होतं.

मागच्या महिन्यात दादाची आवडती जुनी फिल्म — पोलीस, खबरी, अफूचा धंदा — साफसूफ होऊन थेटरात नव्यानं लागली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यायनं घासलेल्या सीडीवर धा वेळा पाह्यली. आपण एकदा नीट पाहू." दुपारचा शो, मोजून पंधरा माणसं. डावीकडे वहिनी, उजवीकडची खुर्ची रिकामी.

चित्र इतकं लख्ख, की हवालदाराच्या शर्टाची शिलाई दिसत होती. मध्यंतराआधी खबऱ्याला त्याच्याच घरचा माणूस विकतो, तो सीन आला... अन् माझ्या उजव्या हातावर कापड पडलं. खरखरीत, संत्र्याच्या सालीचा वास असलेलं. खालून कोणीतरी बोटं धरली. चार दाबली, सोडली. मग एक. मग तीन. मग दोन. दादाच्या अंगठ्याला घट्टा होता, तो मला लागला.

मी ओरडलोच. मध्यंतराचे लाइट लागले. खुर्ची रिकामी, कापड कुठंच नाही.

"काहून घामाघूम झाले भाऊजी?"

हाताचं सांगितलं तिला. तिचे डोळे भरून आले. "मारणाऱ्याच्या गाडीचा नंबर असन तो! त्यायनंच सांगितला! आकडे सांगा ना."

"नाही समजले," मी म्हणालो.

समजले होते. दादा जायच्या आठवडाभर आधी बोरगावच्या पानठेल्यावर मी फुशारकी मारली होती — "आमचा दादा पोलिसाले दुपट्ट्याखालून गाड्या विकते!" सगळे हसले. मीही हसलो. ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही, दादाच्या तेरवीलाही नाही. लाज वाटते लिहायला.

खुर्चीत कोण होतं, मला माहीत नाही. थेटरवाल्याला विचारलं, ती सीट विकलीच नव्हती. पाच वर्षांनी, त्याच फिल्मला, त्याच सीनवर का?

सिनेमा अर्धा सोडून बाहेर आलो. माझी जुनी मोटरसायकल उन्हात उभी होती. नंबर, चार एक तीन दोन. वहिनी मागं बसली अन् घर येईपर्यंत म्हणत राहिली, "एखादा तरी आकडा आठवा ना, भाऊजी."

मी गाडी चालवत राहिलो.