जन्माचं पाप

नव्या कापसाचा वास आला की नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावातली ती संध्याकाळ आठवते. आम्ही बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ख्रिस्ती मिशनचे म्हातारे उपदेशक दारात सायकल टेकवून सांगत होते, माणूस पाप घेऊनच जन्मतो, शास्त्रात तसं लिहिलंय. दिवसभर पाटलाचा कापूस वेचून आलेली आई म्हणाली, "गावानं आमच्या जन्माले चिकटवलेलं पाप आताच तं फेकलं, बाप्पा. तुमी दुसरं काऊन आणलं?" "थे सगळ्याइलेच असते, बाई. मलेबी." "पाटलालेबी?" "हाव, त्यालेबी." आई थकल्या तोंडानं हसली. मग उपदेशकांनी पाणी मागितलं आणि आमच्या मडक्यातलं गटागटा प्यायले. त्यांचं शास्त्र मला अजून पटत नाही, वाद घालायचं त्राणही आता उरलं नाही. पण पाटील मरेपर्यंत आमच्या घरचं पाणी प्यायला नाही.